बॅजला लागलेला डोस

स्मिता टेबलासमोर उभी होती आणि तिला बसायला सांगायचं मी विसरले होते. माझ्या हातात मुंबईहून आलेला फॅक्स होता.

"तुझ्या बॅजवर जास्त डोस आलाय," मी म्हणाले. "जुलै ते सप्टेंबरचा. आठ दिवसांत कारण कळवा म्हणतायत. काही सांडलं होतं का? बॅज कुठे विसरली होतीस?"

ती म्हणाली, "मॅडम, मला सतरावा आठवडा चालू आहे."

मी पुन्हा फॅक्सकडे पाहिलं. वर्षभरात जेवढा डोस चालतो, त्याच्या निम्म्याहून जास्त तीन महिन्यांत. आकडा बदलणार नव्हता, तरी मी दोनदा वाचला. मग तिला बस म्हणाले.

पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मी तेव्हा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होते. किरणोत्सर्गी औषधं कोणी, किती, कशी हाताळली आणि त्यात कोणाला किती किरण लागले, याचा हिशेब ठेवणं हे माझं काम. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्निशियन दोनच. कांबळे, पन्नाशीकडे झुकलेले. आणि स्मिता, दोन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर लागलेली. पेशंटना द्यायची औषधं हे दोघं हॉट लॅबमध्ये, म्हणजे आडोसे लावलेल्या एका छोट्या खोलीत, मोजून भरत.

बॅज म्हणजे एप्रनच्या खिशाला लावायची प्लास्टिकची चपटी डबी. तिच्यात धातूची पट्टी आणि पट्टीवर तीन गोल चकत्या. किरण पडले की चकत्या ते साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी पट्टी मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे ती तापवतात, आणि तापवल्यावर चकत्यांमधून जितका उजेड निघेल तितका डोस. रिपोर्ट यायला महिना-दीड महिना जातो. डबी आमच्याकडेच राहते, तिच्यात नवी पट्टी बसते. म्हणजे बॅज बोलतो खरा, पण फार उशिरा बोलतो.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"बाळाचं माहीत आहे. हे नाही."

"सांगावं लागेल."

"हो," ती म्हणाली. "आणि इथे? एचआरला?"

मला तो प्रश्न त्या वेळी अस्थानी वाटला. मी म्हणाले, "ते नंतर बघू."

दुपारभर मी मुंबईला फोन लावत होते. ज्यांच्याशी बोलायचं ते गृहस्थ जागेवर नव्हते. फॅक्समध्ये एकच एकूण आकडा होता. तीन चकत्यांचे वेगळे आकडे टपालाने येणार होते. मला ते टपालाने नको होते. मी खुर्चीत बसत होते, उठत होते, न्यूक्लिअर मेडिसिनच्या कॉरिडॉरपर्यंत जाऊन परत येत होते. संध्याकाळी पुस्तक उघडलं तर एकच पान चार वेळा वाचलं आणि पानावर काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी स्मिता आली ती नवरा आणि सासू दोघांना घेऊन.

नवरा मंदार, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, आणि दिवसभर इंटरनेट चालू असलेलं ऑफिस ही अपूर्वाई होती. त्याचा फायदा घेऊन त्याने आदल्या संध्याकाळी तीस-चाळीस पानं प्रिंट करून आणली होती. अणुबॉम्बनंतर जन्मलेली मुलं, अणुभट्टीतल्या अपघातानंतरचे फोटो. त्याने तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. बोटं त्यावर वाजत होती.

"मॅडम, ऑनेस्टली सांगा. रिस्क किती पर्सेंट? गायनॅकने बुधवारपर्यंत वेळ दिलाय. वीस आठवड्यांनंतर काही करता येत नाही, आणि त्याआधी तपासण्या, दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात म्हणाल्या. डिसिजन घ्यायचा तर आत्ताच."

"डिसिजन म्हणजे?" स्मिता म्हणाली.

"अगं, मी फक्त ऑप्शन्स सांगतोय."

सासूबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. देवधरबाई. पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी प्रिंटचा गठ्ठा उचलून मुलाच्या मांडीवर ठेवला.

"हे तुझ्या ऑफिसात ने, तिथे वाच. इथे ह्या बाईंना विचारायला आलोय." मग माझ्याकडे वळून, "आपण आकडा सांगा. समजूत नंतर काढा."

मी आकडा सांगितला. पुढे म्हणाले, "पण हा आकडा कुठल्या किरणांचा आहे ते अजून मला माहीत नाही. त्याशिवाय त्याला काही अर्थ नाही."

"म्हणजे किलो की मीटर तेच माहीत नाही."

"जवळपास तसंच."

मग मी त्यांना जे सांगितलं ते इथेही थोडक्यात सांगते. किरणोत्सर्गी पदार्थातून मुख्यतः तीन तऱ्हेचे किरण निघतात. अल्फा हे जड, मंद कण. कागदाच्या एका कपट्याने अडतात. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही त्यांना पुरतो. बीटा हे हलके कण, काही मिलिमीटर आत जातात. जास्त प्रमाणात लागले तर कातडी भाजते, पण पोटातल्या अवयवांपर्यंत ते पोचत नाहीत. गॅमा हे कण नव्हेत, क्ष-किरणांची भावंडं. शरीरातून आरपार जातात आणि जाताना पेशींचं नुकसान करत जातात. ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांचं जास्त. रक्त बनवणारी हाडांतली मज्जा, आतड्याचं अस्तर आणि गर्भ.

"म्हणजे गॅमा असेल तर वाईट," देवधरबाई म्हणाल्या.

"हा सगळा गॅमा असेल तर आमच्या नियमाबाहेर नक्कीच. बाळात व्यंग येण्याइतका मात्र तो तरीही नाही. त्यासाठी याच्या कितीतरी पट लागतो. पण पुढेमागे कॅन्सरची शक्यता किंचित वाढते, आणि ती शून्य आहे असं मी म्हणणार नाही."

"किंचित म्हणजे किती?" मंदार.

तेवढ्यात फोन वाजला. मुंबई. मी आदल्या दिवशी पाच निरोप ठेवले होते, त्याला कंटाळून त्या गृहस्थांनी शनिवारी सकाळी स्वतः फोन केला होता.

"मॅडम, तुमची पट्टी मीच वाचली," ते म्हणाले. "गंमत आहे. तिसरी चकती नुसती पेटलीय. दुसरीवर निम्म्याहून कमी. पहिलीवर जवळपास रोजचंच."

मी फोनवरच त्यांना धन्यवाद म्हणाले आणि उठून उभी राहिले. कारण तीन चकत्या एवढ्यासाठीच असतात. पहिलीवर धातूचं झाकण असतं, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. गॅमा तिन्हींवर सारखाच पडतो, त्याला झाकणाची पर्वा नाही. बीटा मात्र उघड्या चकतीवर पूर्ण पडतो, प्लास्टिकमागे अर्धामुर्धा आणि धातूमागे जवळजवळ नाहीच. आमच्याकडे नुसता बीटा सोडणारं औषध एकच होतं. किरणोत्सर्गी फॉस्फरस. कॅन्सर हाडांत पसरलेल्या पेशंटना वेदना कमी व्हाव्यात म्हणून ते द्यायचे.

बॅज बोर्डवर टांगलेले असत. मी जाऊन स्मिताची डबी आणली, सर्व्हे मीटर आणला. सर्व्हे मीटर म्हणजे किरण लागले की टकटक वाजणारं यंत्र. डबीच्या तोंडाशी नेलं आणि ते कडकडायला लागलं. मंदार खुर्चीसकट मागे सरकला.

कुठल्यातरी दिवशी फॉस्फरसचा एक थेंब उडून डबीच्या कडेला वाळला होता. पट्टी मुंबईला गेली, थेंब इथेच राहिला. हॉट लॅबमधलं टेबल, सिंक, फरशी आम्ही रोज मीटरने तपासायचो. बॅज कोणी तपासत नसे. मोजणाऱ्यालाच कोण मोजणार!

मी डबी आणि मीटर यांच्यामध्ये एक कागद धरला. आवाज तसाच. म्हणजे अल्फा नाही. मग मंदारच्या खिशातलं प्लास्टिकचं ओळखपत्र मागून घेतलं आणि ते धरलं. आवाज थोडा कमी झाला. मग हॉट लॅबमधला बोटभर जाडीचा पर्स्पेक्सचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा धरला. यंत्र गप्प झालं. मधूनच एखादा टक, तो तर नुसत्या हवेतही येतो.

"एवढंच प्लास्टिक?" देवधरबाईंनी विचारलं.

"शरीराचा एवढाच थर. बाळ याच्या कितीतरी मागे आहे."

मंदारने ओळखपत्र परत खिशात ठेवलं. स्मिता खाली बघत होती. मला वाटलं, संपलं. मी मीटर बंद करायला हात नेला.

"थांबा जरा," देवधरबाई म्हणाल्या. "थेंब उडाला तो डबीवर पडला. बरोबर? मग एखादा तिच्या तोंडात गेला नाही, कशावरून? हातावर पडून, हात न धुता ही काही खाल्ली नसेल, कशावरून? पोटात गेल्यावर मध्ये कुठलं प्लास्टिक?"

बाईंनी नेमकं तेच विचारलं होतं जे मी स्वतःला विचारायला हवं होतं. बाहेर जे किरण कमी घातक, आत गेल्यावर तेच जास्त घातक, कारण मग ते आपली सगळी ताकद तिथल्या तिथेच, त्या दोन-चार मिलिमीटरांत खर्च करतात. आणि फॉस्फरस शरीरात गेला की हाडांत जाऊन बसतो. गर्भाची हाडं त्याच महिन्यांत तयार होत असतात.

"स्मिता," मी म्हणाले, "फॉस्फरस भरताना काय झालं होतं? नीट आठव."

"मी फॉस्फरस हाताळलाच नाही, मॅडम. ऑगस्टच्या शेवटापासून मी हॉट लॅबमध्ये गेलेच नाही."

मी रजिस्टर काढलं. त्या तिमाहीत फॉस्फरसचे चार डोस, चारही सप्टेंबरमधले. चारहीसमोर स्मिताची सही.

"सही तुझी आहे?"

"सही माझी आहे."

"मग भरले कोणी?"

तिने रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं.

"स्मिता, सांग ना यार," मंदार जवळजवळ ओरडला. "आपल्या बाळाचं चाललंय इथे!"

"त्यांना विचारल्याशिवाय मी सांगणार नाही," ती म्हणाली.

टेक्निशियन दोनच. 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे मला कळलं. पण कांबळे दोन दिवस रजेवर होते. आणि कळून उपयोग काय? ती हॉट लॅबमध्ये नव्हती, तर तिच्या बॅजवर थेंब उडाला कसा? तिला स्वतःलाही ते कळत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

देवधरबाई उठल्या. "सही एक म्हणते, सून दुसरं म्हणते. ह्यातलं कुठलं धरायचं ते बुधवारच्या आत सांगा म्हणजे झालं. चल गं, दूध प्यायची वेळ झाली तुझी."

रविवारी मी विश्रांतवाडीला गेले. कांबळ्यांचं घर आळंदी रस्त्यापासून आत, एका हाउसिंग सोसायटीत. ते घरी नव्हते. लोणी काळभोरला भाच्याच्या मुलाच्या नामकरणाला गेले होते, पाचपर्यंत येतील म्हणाले होते. त्यांच्या मिसेसने मला बसवलं, चहा केला. मी तीन वेळा घड्याळ बघितलं, ते त्यांनी पाहिलं.

"काही अर्जंट आहे का, मॅडम?"

"आहे थोडं. बॅजचं."

"बॅजचं ना?" त्या हसल्या. "मी ह्यांना म्हटलंच होतं. एक दिवस एप्रन घरी आणला धुवायला, तर त्याच्यावर दोन दोन बिल्ले. म्हटलं, काय हो, प्रमोशन झालं की काय? एकाला दोन द्यायला लागले? तर म्हणतात, तुला काय करायचंय, तू एप्रन भिजव. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने गेले, बिल्ले वेळेवर बोर्डवर लागायला पाहिजेत म्हणून. रिक्षाने! हा माणूस मला दवाखान्यात न्यायचं तरी बस पकडतो."

मी कप खाली ठेवला.

कांबळे साडेपाचला आले. मला बघून दारातच थांबले.

"मॅडम? आपण घरी?"

"दोन बॅज का लावत होता तुम्ही?"

त्यांनी मिसेसकडे बघितलं. त्या आत निघून गेल्या. कांबळे समोर बसले, हातातली पिशवी मांडीवर तशीच. आणि त्यांनी सरळ सांगितलं. स्मिताने ऑगस्टच्या शेवटी दिवस गेल्याचं त्यांना एकट्याला सांगितलं होतं. त्या दिवसापासून हॉट लॅबचं सगळं काम ते करत होते. ती बाहेर रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर भरत होती. रजिस्टरमध्ये तिच्या पाळीला ती सही करत होती. हे दोघांचं ठरलं होतं. बॅजचं मात्र त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. ती कामाला बसली की बोर्डवरून तिचा बॅज काढायचा, आपल्या बॅजशेजारी लावून हॉट लॅबमध्ये जायचं, परत आणून टांगायचा.

"पण का?"

"आकडा एकदम खाली आला असता ना, पुढच्या तिमाहीत तर शून्यच. रजिस्टरवर हॉट लॅबचं काम आणि बॅजवर शून्य. आपणच विचारलं असतं."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एका रेडिओग्राफरचा बॅज शून्य आला तेव्हा मी त्याला मेमो दिला होता. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करतोस का, म्हणून. त्या मेमोचा मला अभिमान होता.

"आणि थेंब?"

"कसला थेंब?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. बाटलीचं बूच निघताना बारीक उडालं होतं. पर्स्पेक्सच्या आडोशावर दिसलं, ते पुसलं. हात तपासले. बाही, बूट, चष्मा, सगळं मीटरने तपासलं. बॅज नाही तपासला." मग घाईने, "म्हणजे ती पोरगी तीन दिवस... घरचे काय म्हणतात?"

"बुधवारपर्यंत ठरवायचंय त्यांना."

ते उठून उभे राहिले. चप्पल शोधायला लागले. "चला मॅडम. मी सांगतो त्यांना. आत्ता चला."

"कांबळे, बसा. तुम्ही सांगाल, पण ती सासू गणिताची बाई आहे. तिला पुरावा लागेल." आणि मग न राहवून मी म्हणाले, "मला सांगायचं होतं ना तिने! मी काय तिला खाल्लं असतं? नियमच आहे, तिला बाहेरचं काम दिलं असतं."

कांबळ्यांना उलट बोलायची सवय नव्हती.

"आपलं सर्क्युलर आहे, मॅडम. गरोदर महिला कर्मचाऱ्यांनी सेफ्टी ऑफिसरला तात्काळ लेखी कळवावे. खाली लिहिलंय, प्रत माहितीसाठी, एचआर विभाग. तिचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय. आपल्याला सांगायचं म्हणजे त्यांना सांगायचं."

ते सर्क्युलर मी लिहिलं होतं. प्रत कोणाला द्यायची हेही मीच लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तशी पद्धत होती.

कांबळे आता नाहीत. मागच्या महिन्यात, म्हणजे हे सगळं घडल्यावर वीसेक वर्षांनी, हृदयविकाराने गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्याच घरी गेले होते. वंदना संपल्यावर त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, बाबांना हे कामामुळेच झालं का? लोक म्हणतात." मी नाही म्हणाले. त्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत. एकाही वर्षी मर्यादेच्या जवळ गेल्या नाहीत. सत्तरीत हृदय बंद पडायला किरणांची गरज नसते. "नक्की ना?" तो म्हणाला. माझ्या धंद्यात नक्की हा शब्द जपून वापरतात. जास्त डोसने कातडी भाजते, रक्त कमी होतं, ते नक्की सांगता येतं. थोड्या डोसचं फक्त शक्यतेत बोलता येतं. मी त्याला नक्की म्हणाले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. रोज थोडं लिहिते. कांबळ्यांबद्दल भलतंच काही म्हटलं जाऊ नये, एवढंच.

तर पुरावा. सोमवारी सकाळी मी मुंबईला फोन करून कांबळ्यांच्या पट्टीचे आकडे मागवले. धातूच्या झाकणाखालची त्यांची चकती आणि स्मिताची चकती, दोन्हींवर गॅमाचा आकडा जवळजवळ सारखा होता. त्यांचा थोडा जास्त, कारण त्यांच्या स्वतःच्या पाळ्याही होत्या. दोन बॅज एकाच छातीवर असल्यासारखं. पण एवढ्याने ती हॉट लॅबमध्ये नव्हती हे सिद्ध होत नव्हतं.

ते मंदारने केलं. दुपारी ते तिघं आले, कांबळेही होते. प्रिंटचा गठ्ठा या वेळी त्याच्याबरोबर नव्हता. कांबळ्यांचं बोलणं ऐकून घेतलं, त्यांच्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "ती रेकॉर्ड्स भरत होती म्हणता. कुठल्या सिस्टिमवर? लॉगिन टाइम पडत असेल ना?"

आमच्या हॉस्पिटलला वर्षभरापूर्वी नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. ते आम्हाला सगळ्यांना डोकेदुखी वाटायचं. मंदारने कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला शेजारी बसवून अर्ध्या तासात यादी काढली. फॉस्फरसच्या चारही दिवशी, रजिस्टरमध्ये डोस भरल्याची जी वेळ होती, त्याच वेळी स्मिता पेशंटच्या नोंदी टाइप करत होती. दर दोन-तीन मिनिटांनी एक नोंद. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या सकाळी तर सलग पावणेदोन तास.

देवधरबाईंनी रजिस्टर आणि यादी शेजारीशेजारी ठेवून एकेक ओळ बोटाने ताडून पाहिली. चष्मा काढला.

"आता धरते," त्या म्हणाल्या. मग कांबळ्यांकडे वळल्या. "आपण केलंत ते चूक केलंत."

"हो, बाई."

"शाळेत असतात तर वर्गाबाहेर उभं केलं असतं."

"हो, बाई."

"जेवायला या एकदा घरी."

स्मिता तेव्हा पहिल्यांदा रडली. मंदारने बाहेर जाऊन गायनॅकला फोन केला. बुधवारची वाट बघावी लागली नाही.

बाळाचं मिटलं, पण मला मुंबईला अजून उत्तर पाठवायचं होतं. एचआरचे नवे मॅनेजर सेठी मला भेटायला आले. वर्षभरापूर्वी कुठल्यातरी हॉटेलच्या साखळीतून आले होते.

"मॅडम, क्यों कॉम्प्लिकेट करना? बॅज कंटॅमिनेट हुआ. फॅक्ट है. इतना ही लिखिए."

"बॅज कोणाच्या अंगावर होता तेही लिहावं लागेल."

"उससे दो लोगों की नौकरी का सवाल आएगा. सोच लीजिए."

त्यांचं म्हणणं मोहात पाडणारं होतं. अर्धं खरं लिहिलं असतं तर कांबळे वाचले असते, खोट्या सह्यांचं प्रकरण झाकलं गेलं असतं, आणि माझ्या विभागात बॅज बदलून घातले जातात हेही बाहेर गेलं नसतं. मंगळवार दिवसभर मी तीन मसुदे लिहिले आणि तिन्ही फाडले. पण पूर्ण कारण दिलं नाही तर तो डोस स्मिताच्या नावावर कायम राहिला असता. तो प्रत्येक नोकरीत तिच्याबरोबर गेला असता. आणि कांबळ्यांनी केलेलं काम रजिस्टरमध्ये तिच्याच नावावर राहिलं असतं. मी कांबळ्यांना बोलावलं.

"लिहा, मॅडम," ते म्हणाले. "सगळं लिहा. फक्त असं लिहा की बॅजचं तिला माहीत नव्हतं."

"ते खरंच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

मी सगळं लिहिलं. मुंबईने तो डोस स्मिताच्या नोंदीतून वगळला. कांबळ्यांना सहा महिने किरणांच्या कामातून बाजूला ठेवायला सांगितलं आणि हॉस्पिटलला कडक पत्र पाठवलं. कांबळे ते सहा महिने रेकॉर्ड रूममध्ये बसले, दोन बोटांनी टाइप करत. तक्रार केली नाही. स्मिताचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरमध्ये संपलं आणि पुढे वाढलं नाही. सेठींनी मला सांगितलं की याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी संचालकांकडे लेखी हरकत नोंदवली. तिचं उत्तर अजून यायचं आहे. स्मिताला पुढच्या वर्षी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, स्वच्छ नोंदवहीवर.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी ऑफिसात फोन आला.

"देवधर बोलतेय. मुलगी. दोन किलो आठशे. हातापायाची बोटं मी स्वतः मोजली. कांबळ्यांना कळवा, त्यांचा नंबर लागत नाही." आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी ते सर्क्युलर पुन्हा काढलं. शब्द तेच ठेवले, 'लेखी' खोडून 'तोंडी चालेल' केलं, आणि खालची प्रतीची ओळ काढून टाकली. सेठी विचारायला आले, आमची प्रत कुठे? मी म्हणाले, सेफ्टीचा कागद आहे, एचआरचा नाही. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत सात जणी येऊन सांगून गेल्या, बहुतेक जणी दुसऱ्या महिन्याच्या आत. सातही जणींना आम्ही उघडपणे बाहेरचं काम दिलं, सातही जणींचे बॅज शून्य आले आणि त्या शून्याचं कारण मला आधीच माहीत होतं.

बॅज एवढंच सांगतो की बॅजला किती डोस लागला. माणसाला किती लागला, हे माणसाने येऊन सांगावं लागतं. आणि ते सांगायला माणूस आपल्यापर्यंत येत नसेल, तर पहिल्यांदा आपण काढलेले कागद तपासावेत.